डाइव्ह कॉम्प्युटर

डाइव्ह कॉम्प्युटर हे स्कूबा पाणबुड्याने मनगटावर बांधावयाचे किंवा टाकीच्या दाबमापकाशेजारी बसवावयाचे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. ते खोली व वेळ सतत मोजते, त्यांवरून शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे गणित करते आणि त्या खोलीवर आणखी किती वेळ राहता येईल हे दाखवते. हौशी पाणबुड्यांसाठी माफक किमतीची अनेक उपकरणे मिळतात. त्यांची निवड करताना सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेल्या आणि केवळ सोयीच्या सुविधा वेगळ्या ओळखाव्या लागतात.

आवश्यकता

समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. १८ मीटरवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या जवळजवळ २.८ पट असतो. दाब वाढला की वायू द्रवात अधिक प्रमाणात विरघळतो. त्यामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत साठत जातो. पाणबुडा सावकाश वर आल्यास हा वायू फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. झपाट्याने वर आल्यास, किंवा साठा मर्यादेबाहेर गेलेला असल्यास, शरीरातच बुडबुडे तयार होतात. या विसंपीडन विकारास पाणबुडे ‘बेंड्स’ म्हणतात. सांधेदुखी, त्वचेवर चट्टे व बधिरपणा ही त्याची लक्षणे असून गंभीर प्रसंगी पक्षाघात किंवा मृत्यूही ओढवतो. नायट्रोजनचा साठा पाणबुड्याला जाणवत नाही. म्हणून त्याचा हिशेब ठेवणे आवश्यक ठरते.

इतिहास

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून इ.स. १९०८ मध्ये विसंपीडनाची कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे अनेक दशके पाणबुडे अशा छापील कोष्टकांवर अवलंबून होते. कोष्टकात संपूर्ण बुडी सर्वाधिक खोलीवरच झाली असे धरले जाते. १८ मीटरवर दहा मिनिटे आणि उरलेला वेळ १० मीटरवर घालवला, तरी सारा काळ १८ मीटरचाच मोजला जातो. इ.स. १९८३ च्या सुमारास ‘एज’ व ‘डेकोब्रेन’ ही इलेक्ट्रॉनिक उपकरणे बाजारात आली आणि प्रत्यक्ष खोलीनुसार क्षणोक्षणी गणित करणे शक्य झाले.

कार्यपद्धती

उपकरणात दाबसंवेदक, घड्याळ आणि सूक्ष्मप्रक्रियक असतो. शरीराचे काही काल्पनिक कप्पे मानून प्रत्येकात नायट्रोजन किती वेगाने भरतो व रिकामा होतो याचे गणित केले जाते. झुरिक येथील आल्बर्ट ब्यूलमन यांच्या प्रसिद्ध प्रारूपात असे १६ कप्पे आहेत. सर्वांत जलद कप्पा काही मिनिटांत निम्मा भरतो, तर सर्वांत मंद कप्प्यास ६३५ मिनिटे लागतात. काही उत्पादक बुडबुड्यांचाही विचार करणारे, ब्रूस वीन्के यांचे आरजीबीएम हे प्रारूप वापरतात.

उपकरण रक्तातील नायट्रोजन प्रत्यक्ष मोजत नाही. पाणबुड्याचे वय, थकवा, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा थंडी यांची त्याला स्वतःहून पुरेशी कल्पना नसते. त्याने दाखवलेला आकडा हा केवळ अंदाज असतो.

माफक किमतीचे उपकरण निवडताना

क्रेसी कंपनीचे लिओनार्दो, मारेस कंपनीचे पक प्रो आणि सुंतो कंपनीचे झूप नोव्हो ही या वर्गातील परिचित उदाहरणे आहेत. स्वस्त आणि महाग उपकरणांतील विसंपीडनाचे गणित पुष्कळदा सारख्याच पायावर उभे असते. वाढीव किंमत मुख्यतः रंगीत पडदा, टाकीतील हवेचा बिनतारी हिशेब, अंकीय होकायंत्र, अनेक वायुमिश्रणे आणि घड्याळासारखा लहान आकार यांसाठी मोजली जाते. प्रशिक्षणानुसार १८ ते ४० मीटरच्या आत राहणाऱ्या हौशी पाणबुड्याला यांतील बहुतेक सुविधांवाचून अडत नाही.

पुढील बाबी मात्र तपासणे अगत्याचे ठरते:

• वाचनीयता: खोली, उरलेला वेळ आणि चढण्याचा वेग गढूळ पाण्यातही एका दृष्टिक्षेपात दिसावेत. मोठे अंक आणि पडद्यामागील दिवा उपयुक्त ठरतात.

• इशारे: चढण्याचा वेग मिनिटाला सुमारे ९ ते १० मीटरपेक्षा वाढल्यास सूचना मिळावी आणि साधारण ५ मीटरवरील तीन मिनिटांच्या सुरक्षा थांब्याची उलटी मोजणी दिसावी.

• नायट्रॉक्स: प्राणवायूचे प्रमाण वाढवलेल्या मिश्रणाची सोय असावी. ३२ टक्के मिश्रणासाठी नेहमीची खोलीमर्यादा सुमारे ३३ मीटर असते. टाकीत साधी हवा असताना उपकरण नायट्रॉक्सवर राहिल्यास नायट्रोजनचा साठा कमी दाखवला जातो. ही चूक घातक ठरू शकते.

• सावधतेची पातळी: प्रकृतीनुसार गणित अधिक कडक करता यावे. एकाच दिवशी अनेक बुड्या घेताना निरनिराळ्या उपकरणांतील फरक ठळक होतो. म्हणून जोडीदारांनी दोन आकड्यांपैकी अधिक सावध आकडा पाळावा.

• विजेरी: ती स्वतः बदलता आली, तर दुरुस्ती केंद्रापासून दूर राहणाऱ्याची अडचण टळते. काही उपकरणांत विजेरी बदलताच आधीच्या बुड्यांची नोंद पुसली जाते. अशा वेळी शरीरातील नायट्रोजन उतरेपर्यंत थांबावे.

• मानक: युरोपीय मानक ईएन १३३१९ खोली व वेळेच्या मापनाशी संबंधित आहे. त्यावरून विसंपीडनाचे गणित प्रमाणित झाले असे समजू नये.

वापर व मर्यादा

एक उपकरण दोघांनी वापरणे धोक्याचे आहे. एक-दोन मीटरच्या फरकानेही दोघांचे हिशेब वेगळे होतात. त्याच कारणाने दिवसाच्या मध्यात उपकरण बदलू नये किंवा दुसऱ्यास देऊ नये. आवश्यक थांबा वगळल्यास अनेक उपकरणे २४ ते ४८ तास गणित बंद ठेवतात. भाड्याने किंवा जुने उपकरण घेताना ते अशा स्थितीत नाही याची खात्री करावी.

विमानप्रवासापूर्वी एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबण्याची शिफारस केली जाते. स्वराज द्वीप (हॅवलॉक) येथून परतणाऱ्यांना शेवटची बुडी ठरवताना हा हिशेब ठेवावा लागतो.

तारकर्ली-मालवण किंवा गोव्यात पर्यटकांसाठी होणाऱ्या उथळ परिचय बुडीत प्रशिक्षक सोबत असतो. तेवढ्यासाठी हे उपकरण विकत घेण्याची गरज नसते. प्रमाणपत्र मिळवून नियमित बुड्या घेणाऱ्यास मात्र स्वतःचे उपकरण आणि त्याची माहितीपुस्तिका दोन्ही परिचयाची असणे आवश्यक आहे. उपकरण पाण्याखाली बंद पडल्यास बुडी संपवून, सावकाश चढून आणि सुरक्षा थांबा घेऊन वर येणे हाच मार्ग असतो.