ताऱ्यांच्या रेघा

मी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. तेव्हा फिल्मचे कॅमेरे वापरात होते. हिवाळ्यातील एका रात्री आम्ही तिघा मित्रांनी वसतिगृहाच्या गच्चीवर विटांच्या आधाराने कॅमेरा ध्रुवताऱ्याकडे रोखून ठेवला आणि त्याची झडप सलग ४० मिनिटे उघडी ठेवली. फिल्म धुवायला दिली. आठवड्याने पाकीट हाती आले, पण त्यात छायाचित्र एकही नव्हते. "यात काहीच आलेले नाही," असे दुकानदाराने सांगितले. शिवाय कोरी समजून फिल्म कापताना त्याने आमचे एक चित्र मधोमध कापले होते! हिरमुसून मी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि पाहतो तो काय, केसासारख्या बारीक काळ्या रेघांची वर्तुळाकार नक्षी तिच्यावर उमटली होती.

दुकानदाराचा तरी काय दोष? निगेटिव्हवर काळे आकाश पारदर्शक दिसते आणि तारे काळे. त्याला ती फिल्म कोरीच वाटली असणार. पण त्या रेघांत पृथ्वीची एक गती लिहिलेली होती. ती कशी वाचायची ते आता पाहू.

पृथ्वी मोजण्याचा कोनमापक

पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तिच्यावर ठेवलेला कॅमेराही तिच्याबरोबर फिरतो. त्यामुळे ताऱ्याची प्रतिमा फिल्मवर एका जागी न राहता हळूहळू सरकते आणि तिची रेघ उमटते. पृथ्वीचा अक्ष उत्तरेला आकाशातील ज्या बिंदूकडे रोखलेला आहे, तो या सर्व रेघांचा मध्य. ध्रुवतारा त्या बिंदूपासून सुमारे पाऊण अंशाच्या आतच आहे. म्हणून तो स्थिर भासतो. पण छायाचित्रात त्याचाही एक इवलासा कंस दिसतो.

मध्याजवळच्या ताऱ्यांच्या रेघा आखूड असतात आणि दूरच्या लांब. परंतु प्रत्येक रेघेने मध्याशी केलेला कोन मात्र सारखाच असतो. चाकावरचे सर्व ठिपके एकाच वेळात एकाच कोनातून फिरतात, तसेच हे. मध्य शोधायला भूमिती उपयोगी पडते: दोन कंसांच्या जीवा काढा, त्यांचे लंबदुभाजक काढा; ते जेथे छेदतील तो मध्य.

आम्ही कोनमापक लावला. कोन आला १० अंश. ४० मिनिटांत १० अंश, तर ३६० अंशांना १४४० मिनिटे, म्हणजे बरोबर २४ तास! आम्हाला फार आनंद झाला. आमच्या प्राध्यापकांनी मात्र एकच प्रश्न विचारला: "तुमच्या मापात चूक किती असू शकेल?"

साध्या कोनमापकावर अर्ध्या अंशाची चूक सहज होते. कोन साडेदहा अंश धरला तर उत्तर येते २२ तास ५१ मिनिटे. साडेनऊ धरला तर २५ तास १६ मिनिटे. म्हणजे २४ हा आकडा आम्हाला आधीच ठाऊक होता म्हणून तो नेमका वाटला. प्रयोगाने खरे सांगितले ते इतकेच, की उत्तर साधारण २३ ते २५ तासांच्या दरम्यान आहे.

पंधरा दिवसांची वाट

मग माप सुधारायचे कसे? कोनमापक तोच ठेवायचा आणि काळ वाढवायचा. एका रात्री ९ वाजता छायाचित्र घ्या. कॅमेऱ्याची जागा खडूने आखून ठेवा आणि चित्रात गच्चीचा कठडा येऊ द्या, म्हणजे दिशा पुन्हा जुळवता येईल. पंधरा दिवसांनी बरोबर ९ वाजता तसेच छायाचित्र घ्या. पृथ्वीची एक फेरी २४ तासांची असती, तर दोन्ही चित्रे सारखीच आली असती. प्रत्यक्षात सर्व तारे ध्रुवबिंदूभोवती सुमारे १५ अंश पुढे गेलेले दिसतात.

याचा अर्थ असा, की १५ दिवसांत पृथ्वीने १५ फेऱ्या पूर्ण करून वर १५ अंश कापले. म्हणजे दर दिवशी एक अंश जास्त. एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. म्हणून ताऱ्यांच्या संदर्भात तिची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांची. त्या वेळात ती सूर्याभोवतीही सुमारे एक अंश पुढे सरकते. त्यामुळे सूर्य पुन्हा त्याच जागी दिसण्यासाठी तिला आणखी ४ मिनिटे फिरावे लागते. तेव्हा कोठे आपले २४ तास भरतात.

आता चुकीचे काय झाले पाहा. अर्ध्या अंशाची चूक १५ दिवसांत वाटली गेली, म्हणजे दिवसाला एक तीसांश अंश, अर्थात फक्त ८ सेकंद! उपकरण तेच, पण वाट पाहिल्याने माप सूक्ष्म झाले.

जास्त वेळ, जास्त तारे?

झडप जितकी जास्त वेळ उघडी, तितके अंधूक तारे दिसतील, असे तुम्हाला वाटेल. कॅमेरा स्थिर असेल तर तसे होत नाही. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने पडलेली ताऱ्याची प्रतिमा १० सेकंदांत जास्तीत जास्त सुमारे ०.०३६ मिलिमीटर सरकते. प्रकाश पुढच्या जागी गेला, की मागच्या जागी भर पडत नाही. रेघ लांबते, पण उजळत नाही. आकाशाचा उजेड मात्र सगळीकडे साठतच राहतो. म्हणून शहरात चित्र पांढुरके होते.

उपाय एकच: पृथ्वी जितकी फिरते तितकाच कॅमेरा उलट फिरवायचा. लंडनजवळ ईलिंग येथे राहणारे अँड्र्यू कॉमन हे व्यवसायाने अभियंते. त्यांनी १८८३ साली घरच्या बागेतील ३६ इंची परावर्तक दुर्बीण अशी फिरवत मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसलेले तारे त्यात उमटले होते. हौशी माणसाचे हे काम, पण १८८४ साली त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

तुम्ही करून पाहा

अमावस्येच्या आसपासची रात्र आणि गावाबाहेरची जागा निवडा. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची तुमच्या गावाच्या अक्षांशाइतकी असते: पुण्यात सुमारे साडेअठरा अंश, नागपुरात २१. डिजिटल कॅमेऱ्याने ३० सेकंदांची ८० चित्रे लागोपाठ घ्या आणि संगणकावर एकत्र करा, की ४० मिनिटांच्या रेघा मिळतील. थंडीत भिंगावर दव जमते, तेव्हा मधूनमधून पाहत राहा. फिल्म वापरणार असाल तर पहिले चित्र दिवसा घ्या, म्हणजे कोठे कापायचे ते दुकानदाराला कळेल!

शेवटी एक प्रश्न. कॅमेरा मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांकडे रोखला, तर त्यांच्या रेघा जवळजवळ सरळ येतात. त्यांच्या उत्तरेकडील रेघा एका बाजूला वाकतात, दक्षिणेकडील दुसऱ्या. असे का? आधी छायाचित्र घ्या आणि मग पृथ्वीचा गोल हातात घेऊन विचार करा.