जिन्यातील क्षमावाणी

परमुलखात माणसाची पहिली ओळख होते ती तेथील नियमांशी. माणसे त्यानंतर भेटतात. सांगलीच्या एका कापडव्यापारी जैन कुटुंबातील सून पतीच्या नोकरीनिमित्त जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी गेली, तेव्हा तिलाही हाच अनुभव आला. दुसऱ्याच आठवड्यात दाराच्या मुठीला एक पाटी टांगलेली दिसली : 'केअरवोख', म्हणजे झाडण्याचा आठवडा. श्वाबेन भागातील ही जुनी रीत. इमारतीतील कुटुंबांनी पाळीपाळीने सामाईक जिना स्वच्छ करावा आणि आठवडा सरला की पाटी शेजारच्या दारी लावावी.

जिना झाडताना तिने एक कोळी अलगद कागदावर घेऊन अंगणात सोडला. वरच्या मजल्यावरील वृद्ध बाई ते पाहत उभ्या होत्या. "तोही जीव आहे," ती मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. बाई प्रथमच हसल्या.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्याच बाई बटाट्याच्या सॅलडचे भांडे घेऊन दारी आल्या. बटाटा कंदमूळ, त्यातून त्या भागात हे सॅलड पुष्कळदा मांसाच्या रश्शात कालवतात. शिवाय डिसेंबरातला सूर्य साडेचारच्या सुमारासच मावळलेला. हे सारे सांगण्याइतकी भाषा तिच्यापाशी नव्हती. "नको, आभारी आहे," एवढेच म्हणून तिने दार लावले. त्या दिवसापासून जिन्यातले 'ग्र्युस गॉट' हे अभिवादन थांबले. पाटी तेवढी मुकाट्याने या दारावरून त्या दारावर जात राहिली.

दशलक्षण पर्वात तिने सासूबाईंना दूरध्वनीवर ही हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "अगं, पेढीवर आलेल्या गिऱ्हाइकाला नुसते 'नाही' म्हणून आपण कधी परत धाडतो का? बसवतो, पाणी देतो, कारण सांगतो. नियम तुझा होता. तो त्यांना कसा कळणार?"

क्षमावाणीच्या दिवशी रव्याचे लाडू आणि कागदावर लिहून घेतलेली चार जर्मन वाक्ये घेऊन ती वर गेली. आपण काय खात नाही, का खात नाही आणि आज क्षमा मागण्याचा दिवस आहे, हे तिने वाचून दाखवले. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटले, माझ्या हातचे खाण्याची तुम्हांला किळस येते. पती गेल्यानंतर त्या दिवशी प्रथमच मी एकटीपेक्षा जास्त माणसांचे केले होते."

त्यांनी तो कागद मागून घेतला. पुढच्या आठवड्यात, सूर्य पुरता वर असतानाच, घंटा वाजली. दारात बाई होत्या. हाती आपल्या बागेतील निळ्या-जांभळ्या आलुबुखारांची पिशवी. "ही झाडावर येतात," त्या आवर्जून म्हणाल्या.

व्रत तिने दोन्ही वेळा सारखेच पाळले होते. पहिल्या वेळी कारण मनातच राहिले आणि त्याची भिंत झाली. दुसऱ्या वेळी ते बोलले गेले. नकार देताना समोरच्याचे मन दुखावू न देणे, हाही अहिंसेचाच भाग आहे.