आकाशात सापडले म्हणून आकाशातून आले?

२० एप्रिल २००५ रोजी इस्रोच्या एका प्रयोगासाठी हैदराबादहून प्रचंड फुगा सोडण्यात आला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळकांड्यांत भरून घेऊन उपकरणे खाली आली. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या संशोधन संस्थांनी नमुने स्वतंत्रपणे तपासले. १२ जिवाणू आणि ६ बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जिवाणू नवीन प्रजातींचे असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले, आणि ‘परग्रहावरचे जीव सापडले’ अशी आवई उठली.

गैरसमज : हे जिवाणू अंतराळातून आले.

इस्रोने तसे म्हटलेच नव्हते. पृथ्वीबाहेरचे मूळ या अभ्यासातून सिद्ध होत नाही, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. सापडलेल्यांपैकी नऊ जिवाणूंचे जनुक पृथ्वीवरच्या ज्ञात प्रजातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळले. वादळे आणि ज्वालामुखी धुळीबरोबर जंतूही वर नेतात. नव्या तिघांपैकी ‘बॅसिलस आर्यभट्टाय’चे भाऊबंद पुढे मातीत आणि झाडांच्या मुळांशी सापडले, ब्राझीलमध्ये तर निवडुंगाच्या मुळांशी. नावांनीही गोंधळात भर घातली म्हणा. ‘जॅनिबॅक्टर हॉयली’ हे नाव फ्रेड हॉईल यांच्यावरून ठेवले, आणि जीवसृष्टी अंतराळातून आली या कल्पनेचे ते खंदे पुरस्कर्ते!

गैरसमज : सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की नवी प्रजाती ओळखता येते.

तिथे दिसतात काड्या आणि ठिपके. शेकडो प्रजाती सारख्याच दिसतात. म्हणून आधी जिवाणू एकटा, शुद्ध वाढवायचा. मग त्याचे ‘१६एस आरआरएनए’ जनुक वाचायचे. सुमारे १,५०० अक्षरांचे हे जनुक सर्व जिवाणूंत असते आणि फार सावकाश बदलते. ज्ञात प्रजातींशी ते ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळले तर प्रजाती बहुधा नवी. पण जास्त जुळले म्हणजे जुनीच, असेही नाही. आर्यभट्टायचे हे जनुक ‘बॅसिलस मेगाटेरियम’शी इतके जुळत होते की निवाडा संपूर्ण डीएनएच्या तुलनेवर करावा लागला. त्या चाचणीत साम्य ७० टक्क्यांखाली असेल तर प्रजाती वेगळी धरतात. आता संपूर्ण जनुकसंच वाचून हेच ठरवतात. तिथे सीमारेषा ९५-९६ टक्क्यांची. शिवाय पेशीतली मेदाम्ले, कोणती साखर पचते, किती तापमान नि खारटपणा सोसतो, हेही नोंदवावे लागते. शेवटी जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे कोणालाही तो मागवून दावा तपासता येतो. मला विचाराल तर या साऱ्यातली खरी शिस्त हीच.

गैरसमज : नवा जिवाणू म्हणजे नवा रोग.

नवी असते ती आपली नोंद. जिवाणू आधीपासून आहेच. या तिघांचे वैशिष्ट्य म्हणून नोंदले गेले ते एवढेच, की जवळच्या नातलगांपेक्षा ते अतिनील किरणांपुढे जास्त टिकाव धरतात.

गैरसमज : एकदा दिलेले नाव कायमचे.

जनुकसंच वाचले गेले तशी कुळेही फेरमांडली गेली. तिघांतला तिसरा, ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’, २०१६ मध्ये ‘सॉलिबॅसिलस’ झाला आणि आर्यभट्टाय २०२० मध्ये ‘प्रीस्टिया’ या नव्या कुळात गेला.