साहेबाच्या तोंडचं गाणं

रेकॉर्ड कंपनीच्या जाचावर गाणं म्हटलं की कलावंतांचं गाऱ्हाणं ऐकायला मिळेल असं वाटतं. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७५ सालच्या ‘हॅव अ सिगार’मध्ये मात्र कलावंत अवाक्षर काढत नाहीत. बँडमधल्या रॉजर वॉटर्सने सगळं गाणं कंपनीच्या साहेबाच्या तोंडी घातलंय. साहेब सिगार पुढे करतो, तोंड भरून कौतुक करतो आणि त्याच दमात पुढच्या अल्बमची घाई करतो. मग विचारतो, तुमच्यातला पिंक कोण? पिंक नावाचा बँडमध्ये कुणीच नव्हता! पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची नावं जोडून बँडचा सुरुवातीचा म्होरक्या सिड बॅरेट याने हे बारसं केलं होतं. हा प्रश्न त्यांना खरोखरच विचारला जायचा.

बँडला तेव्हा यश पेलवत नव्हतं. १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमने पैशांचा पाऊस पाडला. १९८८पर्यंत तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४१ आठवडे राहिला.

गाण्यात साहेबाचा आवाज ना वॉटर्सचा, ना बँडचा गिटारवादक गिल्मरचा. वॉटर्सचा गळा ताणला गेला होता आणि गिल्मरला हे गाणं गायचं नव्हतं. लंडनच्या त्याच अ‍ॅबी रोड स्टुडिओत गायक रॉय हार्पर स्वतःचा अल्बम करत होता. तो येऊन गायला. मोबदल्यात त्याने जवळच्याच लॉर्ड्स मैदानाचा तहहयात पास मागितला होता, असं तो सांगतो. वॉटर्सला पुढे या निवडीची खंत वाटली. मला ती पटत नाही. बँडला न ओळखणाऱ्या माणसाचं बोलणं बाहेरच्याच गळ्यातून यावं, यापेक्षा चपखल काय असणार?

शेवट तर हेडफोन लावूनच ऐका. गिटार ऐन रंगात असताना सगळा नाद एकदम आक्रसतो, जणू स्वस्तातल्या ट्रान्झिस्टरमध्ये कोंबलाय. मग खरखर, कुणीतरी स्टेशन बदलतंय, आणि मधूनच चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा. हे गिल्मरच्या गाडीतल्या रेडिओवरून टिपलेलं. एवढ्या खपून बांधलेल्या नादाचा काही क्षणांत रेडिओवरचा माल होतो, आणि तो होताना आपण आपल्या कानांनी ऐकतो.

एवढं सुनावूनही कंपन्यांनी हे गाणं असलेला ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम उत्साहाने विकला. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे तो पहिल्या क्रमांकावर गेला.