विश्लेषण : आकाशगंगेतील धुळीने शास्त्रज्ञांना कसे चकवले?

विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याची घोषणा १७ मार्च २०१४ रोजी अमेरिकेत झाली आणि नोबेलची चर्चा सुरू झाली. वर्षभराच्या आत तो दावा कोसळला. कारण ठरली आपल्याच आकाशगंगेतील धूळ.

दावा काय होता?

दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ दुर्बिणीने २०१० ते २०१२ अशी तीन वर्षे महास्फोटानंतरच्या आद्य प्रारणाचे निरीक्षण केले. त्यात ध्रुवणाची पिळदार नक्षी आढळली. प्रकाशलहरी एरवी सर्व दिशांना कंप पावतात. एकाच दिशेतील कंपने वरचढ झाली की प्रकाश ध्रुवित होतो. विश्व क्षणार्धात प्रचंड प्रसरण पावले असेल, तर त्या वेळच्या गुरुत्वीय लहरी अशीच नक्षी मागे ठेवतील, असे सिद्धान्त सांगत होता.

धूळ काय करते?

ताऱ्यांमधील वायूच्या ढगांत वस्तुमानाने जेमतेम एक टक्का धूळ असते. कण बहुधा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, लांबट आणि भिरभिरणारे. तिथले चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या तुलनेत सुमारे लाखपट क्षीण; तरीही ते या कणांना शिस्त लावते. होकायंत्राच्या सुईची उपमा येथे हमखास दिली जाते, पण ती फसवी आहे. सुई क्षेत्राच्या दिशेने राहते. धूलिकण मात्र लांब बाजू क्षेत्राला आडवी ठेवून फिरतात. त्यामुळे पलीकडच्या ताऱ्याचा प्रकाश ध्रुवित होतो आणि धुळीतून निघणारे मंद प्रारणही.

हे कधी कळले?

अपघातानेच. सुब्रमण्यन चंद्रशेखर यांनी काही ताऱ्यांच्या कडेचा प्रकाश ध्रुवित असेल, असे भाकीत केले होते. ते तपासताना हिल्टनर आणि हॉल यांना १९४९ मध्ये ध्रुवण सापडले, पण ते ताऱ्याचे नव्हे, वाटेतल्या धुळीचे होते. पुढे १९५३ मध्ये चंद्रशेखर आणि फर्मी यांनी याच ध्रुवणावरून क्षेत्राची ताकद मोजण्याची पद्धत दिली. तर्क साधा होता : वायूच्या खळबळीतही बलरेषा सरळ राहिल्या, तर क्षेत्र बळकट.

मग चूक कुठे झाली?

‘बायसेप-२’ने १५० गिगाहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर पाहिले होते. धूळ आणि आद्य प्रारण वेगळे ओळखायचे तर निरनिराळ्या कंप्रता हव्यात. आपला आकाशाचा तुकडा जवळपास स्वच्छ आहे, असे गटाने गृहीत धरले. युरोपच्या ‘प्लँक’ उपग्रहाने सप्टेंबर २०१४ मध्ये ते खोटे ठरवले. २०१५ च्या आरंभी दोन्ही गटांच्या संयुक्त विश्लेषणानंतर दाव्याला आधार उरला नाही. घाई झाली, हे खरे. पण चूक उघड करण्यात तो गटही सहभागी होता, हेही नोंदवायला हवे.

पुण्याचा संबंध काय?

‘प्लँक’चा नकाशा सपाट आहे; धूळ किती अंतरावर आहे, हे तो सांगत नाही. तारे सांगू शकतात : ढगाच्या अलीकडच्या ताऱ्याचा प्रकाश त्या ढगामुळे ध्रुवित होत नाही, पलीकडच्याचा होतो. ‘गाया’ उपग्रहामुळे ताऱ्यांची अंतरे आता माहीत आहेत. लाखो ताऱ्यांचे ध्रुवण मोजण्याच्या ‘पॅसिफे’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी ‘वॅलॉप’ ही उपकरणे पुण्याच्या ‘आयुका’त विकसित झाली. एक ग्रीसमधील क्रीट बेटावरच्या दुर्बिणीसाठी, दुसरे दक्षिण आफ्रिकेतील सदरलँडसाठी.