केदारनाथ जेव्हा खाली उतरतात
शिक्षकांच्या दिवाळीच्या सुट्टीतील एक अल्पखर्ची यात्रा

भाऊबीजेच्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी निरांजने लागतात आणि बहिणी भावांना ओवाळतात. त्याच दिवशी सकाळी, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, श्रीकेदारनाथांच्या मंदिराचे द्वार हिवाळ्यासाठी बंद होते. भगवंतांची पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत विराजमान होते आणि भक्तांच्या जयघोषात डोली पर्वत उतरू लागते. पहिला मुक्काम रामपूरला, दुसरा गुप्तकाशीच्या विश्वनाथ मंदिरात. तिसऱ्या दिवशी डोली ऊखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात पोहोचते. हिमालयात पुन्हा वाट मोकळी होईपर्यंत केदारनाथांची नित्यपूजा तेथेच चालते.

“द्वार बंद झाले” एवढीच वार्ता आपण ऐकतो आणि यात्रेचा विचार पुढल्या वर्षावर ढकलतो. देव भक्तांच्या आवाक्यात आला, हा त्या वार्तेचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्या कानी पडत नाही. ज्यांची सुट्टीही मोजकी आणि मिळकतही मोजकी, अशा शिक्षक कुटुंबांनी तरी तो ध्यानी घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुट्टी आहे, पण सवड नाही

शिक्षकाच्या सुट्ट्यांचा लोकांना हेवा वाटतो. वस्तुस्थिती अशी की, महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांना वर्षभरात मिळून ७६ दिवसांहून अधिक सुट्टी देता येत नाही. त्यांतही उन्हाळ्याच्या सुट्टीचा काही भाग उत्तरपत्रिकांत जातो, काही भाग निवडणुकीच्या वा गणनेच्या कामी खर्ची पडतो. उरलेल्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राची मुलेबाळे मोकळी असतात. त्यामुळे गाड्या भरलेल्या, धर्मशाळा भरलेल्या आणि दर चढलेले. नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ सालच्या वाढीनंतर प्राथमिक शाळेत १६ हजार आणि माध्यमिक शाळेत १८ हजार रुपये झाले. अशा मिळकतीत घोडे, डोली वा हेलिकॉप्टर यांचा विचार कोणी करावा?

म्हणून शिक्षकांच्या घरी एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बोलले जाते : “निवृत्तीनंतर जाऊ.” आमचे वडीलही शिक्षक होते. तेही हेच म्हणत. निवृत्तीनंतर त्यांचे गुडघे गेले, मग दृष्टी गेली आणि केदारनाथांचे दर्शन राहून गेले. त्यांच्या मागे मातोश्रींनी त्या इच्छेचा उच्चार कधी केला नाही; परंतु देवघरात केदारनाथांची तसबीर होती आणि श्रावणी सोमवारी पहिले बेलाचे पान तिलाच वाहिले जाई.

आम्ही उभयता शिक्षक. मे महिन्यात त्यांना न्यावे असे चार-पाच वेळा ठरविले आणि प्रत्येक वेळी बेत मोडला. गौरीकुंडापासून वर सुमारे १६ किलोमीटरांची चढण. पंचाहत्तरी ओलांडलेल्या मातोश्रींना ती पायी झेपणारी नव्हती आणि अन्य साधने आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. अखेर आमच्या शाळेच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारले, “अहो, देव दिवाळीत खाली येतो. तुम्ही मेमध्येच वर जाण्याचा हट्ट का धरता?”

दिवाळी झाल्यावर प्रस्थान

२०२३ साली आम्ही तो हट्ट सोडला. १५ नोव्हेंबरला भाऊबीज होती. सकाळी ओवाळणी झाली आणि सायंकाळी घराला कुलूप लावून आम्ही निघालो. मनमाडपर्यंत एस. टी. होती. मातोश्रींना पंचाहत्तरीनंतरची सवलत असल्याने त्यांचे तिकीट लागले नाही आणि सौभाग्यवतींना महिलांच्या सवलतीमुळे निम्मेच भाडे पडले. पुढे दिल्लीमार्गे हरिद्वार. तेथे एक दिवस पूर्ण विश्रांती घेतली. वृद्ध माणूस बरोबर असता हा एक दिवस वाचवू पाहणे म्हणजे पुढचे चार दिवस घालविणे होय.

ऋषिकेशहून पहाटेच्या गाडीने आम्ही रुद्रप्रयागास गेलो. वाटेत देवप्रयागी अलकनंदा आणि भागीरथी यांचा संगम होतो व तेथून पुढे गंगा हे नाव सुरू होते. रुद्रप्रयागी मंदाकिनी अलकनंदेस मिळते. ही मंदाकिनी केदारनाथांच्या पायाशी उगम पावलेली. तिचे जल मातोश्रींनी तेथेच मस्तकी लावले. रात्री धर्मशाळेत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी २० नोव्हेंबरला, ऊखीमठ गाठले.

ऊखीमठ सुमारे तेराशे मीटर उंचीवर आहे. मोटार गावात जाते, श्वास लागत नाही. बाणासुराची कन्या उषा आणि श्रीकृष्णांचा नातू अनिरुद्ध यांचा विवाह येथे झाला अशी कथा आहे. उषामठाचे ऊखीमठ झाले असे मानतात. वीरशैवांच्या पंचपीठांतील केदारपीठ येथेच असून केदारनाथांचे रावळ वीरशैव परंपरेतील असतात. त्यामुळे सोलापूर-लातूरकडील लिंगायत घरांना हे नाव परके नाही. दर महाशिवरात्रीस केदारनाथांचे द्वार उघडण्याचा मुहूर्त याच मंदिरात जाहीर केला जातो.

मंदिरात जेमतेम वीस-पंचवीस माणसे होती. मातोश्री बसून राहिल्या. कोणी “चला, चला” म्हणून पुढे ढकलले नाही. घरून जपून आणलेली बेलाची पाने त्यांनी वाहिली. त्यांतील एक वडिलांच्या नावाचे होते. सत्य सांगावयाचे तर, हे दर्शन खऱ्या केदारनाथाचे म्हणावे की नाही, ही शंका आमच्या मनात वाटभर होती. बाहेर पायरीवर बसल्यावर मातोश्री म्हणाल्या, “मला चढवत नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तोच उतरला.” आमच्या शंकेला त्यानंतर जागा उरली नाही.

पंचांग आणि वेळापत्रक

या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांनी प्रथम पंचांग पाहावे. गंगोत्रीचे द्वार अन्नकूटाच्या दिवशी बंद होते. केदारनाथ आणि यमुनोत्री यांची भाऊबीजेस. बदरीनाथांचा दिवस मात्र विजयादशमीस जाहीर होतो आणि तो बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो. २०२३ साली अधिक श्रावणामुळे दिवाळी उशिरा आली, म्हणून भाऊबीजेनंतर तीनच दिवसांनी, १८ नोव्हेंबरला, बदरीनाथांचे द्वार बंद झाले. २०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती आणि बदरीनाथ २५ नोव्हेंबरपर्यंत खुले राहिले. ज्या वर्षी दिवाळी लवकर, त्या वर्षी ऊखीमठ आणि बदरीनाथ ही दोन्ही दर्शने एकाच सुट्टीत घडू शकतात. बदरीनाथास जाणाऱ्यांनी चारधाम यात्रेची सक्तीची नोंदणी आधी करावी आणि थंडीची पुरती तयारी ठेवावी. अधिक मासाच्या वर्षी ऊखीमठावर समाधान मानावे. पंचकेदारांपैकी कल्पेश्वर तर बारा महिने खुले असते.

दुसरी गोष्ट रेल्वेची. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. म्हणजे दिवाळीच्या प्रवासाचा निर्णय श्रावण-भाद्रपदातच व्हावयास हवा. निघण्याच्या दोन-तीन तारखा मनात ठेवाव्या. ऐन दिवाळीच्या आधीची आणि शनिवार-रविवारची गाडी टाळून मधल्या वारची गाडी पाहिली, तर जागा मिळण्याची आशा अधिक. पाचशे किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर पाचशे किलोमीटरांनंतर वाटेत उतरून दोन दिवसांपर्यंत थांबण्याची मुभा असते. तिकीट काढतानाच तशी सोय करून घ्यावी. परतताना आम्ही मथुरेस उतरलो आणि प्रबोधिनी एकादशी श्रीकृष्णांच्या जन्मभूमीत घडली.

तिसरी गोष्ट शाळेची. दिवाळीची वा उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सव किंवा नाताळ अशा प्रसंगी, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने, देण्याची तरतूद आहे. आपल्या शाळेने यंदा कोणते दिवस ठरविले आहेत, हे मुख्याध्यापकांकडून वर्षारंभीच समजून घ्यावे. तारखा आधी कळल्या तर बेत आखता येतो आणि ऐनवेळी रजेसाठी कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत.

खर्चाविषयी इतकेच सांगतो की, तिघांची ही अकरा दिवसांची यात्रा आम्हां दोघांपैकी एकाच्या महिन्याच्या पगारात झाली. मुक्काम धर्मशाळांत, प्रवास साध्या शयनयानाने आणि सामायिक जीपगाड्यांनी. चिवडा-लाडवांचे डबे घरचेच होते. दिवाळीचा फराळ प्रवासासाठी मुद्दाम करावा लागत नाही, हाही या सुट्टीचा एक लाभच!

हट्ट कशाचा धरावा?

शिक्षकाच्या हाती सुट्टीचा काळ नाही आणि पैसाही बेताचाच. मग बदलता काय येईल? मार्ग बदलता येईल, तिथी बदलता येईल, मुक्काम बदलता येईल. बदलू नये तो संकल्प. आम्ही मात्र अनेक वर्षे उलटेच केले. महिना आणि मार्ग घट्ट धरून ठेवले आणि संकल्प तेवढा पुढे ढकलीत राहिलो. त्यात वडिलांचे दर्शन राहिले. ती रुखरुख आता कोणत्याही यात्रेने भरून येणारी नाही.

ऋतू पालटला की जगन्नियंताही आपले आसन हलवितो आणि भक्तांसाठी खालच्या गावी येऊन बसतो. आपण आपला बेत थोडा हलविण्यात कमीपणा कसला? ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत आणि देवघरात एखादी तसबीर वर्षानुवर्षे वाट पाहत आहे, त्यांनी यंदा दिवे लावताना पंचांग आणि वेळापत्रक एकत्र उघडावे. दीपावलीचा हा प्रकाश आपणा सर्वांच्या वाटेवर पडो, हीच श्रीकेदारनाथांच्या चरणी प्रार्थना.