पालघरचा मधला कौल

भारतात मध्यावधी निवडणूक ठरलेल्या तारखेला येत नाही. अमेरिकेत ती येते. अध्यक्षांची मुदत निम्मी झाली की प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी मतदान होते. अध्यक्ष तोच राहतो, पण सभागृह दुसऱ्या पक्षाच्या हाती जाऊ शकते. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रतिनिधिगृह असेच डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. आपल्याकडे लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाली तरच मध्यावधी होते. १९७१, १९८०, १९९१, १९९८ आणि १९९९ मध्ये ती झाली. एरवी सरकारच्या मधल्या वर्षांत मतदाराला बोलता येते ते पोटनिवडणुकीत, आणि तेही एखाद्याच मतदारसंघात. त्यामुळे एका मतदारसंघाच्या निकालावरून साऱ्या देशाचा कल ओळखण्याची सवय पक्षांना आणि पत्रकारांनाही लागलेली आहे.

पालघर लोकसभा मतदारसंघाची २८ मे २०१८ ची पोटनिवडणूक अशीच वाचली गेली. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचे ३० जानेवारी २०१८ रोजी निधन झाले आणि ही राखीव जागा रिकामी झाली. दिल्लीत तेव्हा आकड्यांचा हिशेब सुरू होता. २०१४ मध्ये भाजपचे २८२ खासदार निवडून आले होते. गोरखपूर, फुलपूरसारख्या पोटनिवडणुका हरत हरत तो आकडा स्वबळाच्या बहुमताच्या, म्हणजे २७२ च्या जवळ आला होता. मित्रपक्ष सोबत असल्याने सरकारला धोका नव्हता, पण प्रतिष्ठेचा प्रश्न होता.

प्रचारात मात्र भाजप-शिवसेनेचे भांडणच गाजले. वनगा कुटुंब शिवसेनेत गेले आणि मुलगा श्रीनिवास वनगा सेनेचा उमेदवार झाला. काँग्रेसचे माजी मंत्री राजेंद्र गावित भाजपमध्ये आले आणि त्यांना उमेदवारी मिळाली. राज्यात आणि केंद्रात एकत्र सत्तेत असलेले हे दोन पक्ष पालघरमध्ये एकमेकांवर तुटून पडले. उत्तर भारतीय मतांसाठी योगी आदित्यनाथ विरारला येऊन सभा घेऊन गेले. बहुजन विकास आघाडीचे (बविआ) बळीराम जाधव, माकपचे किरण गहला आणि काँग्रेसचे दामोदर शिंगडा हेही रिंगणात होते.

या मतदारसंघात डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात, आणि त्यांचे प्रश्न एकमेकांना फारसे ओळखत नाहीत. वसई-नालासोपाऱ्याच्या मतदाराचे दुखणे म्हणजे लोकलची गर्दी आणि पाणी. विक्रमगड-जव्हार-मोखाड्यात कुपोषण, रोजगार आणि वनहक्कांचे दावे. मधला बोईसर-तारापूरचा पट्टा आणखी निराळा. बोईसरला लागून असलेली सरावली एमआयडीसीच्या कुशीतली ग्रामपंचायत. इथे जुने पाडे आहेत आणि उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगारांच्या चाळीही. कारखाना रोजगार देतो आणि त्याचेच सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्याकडे जाते, तेव्हा मासेमारी करणाऱ्यांचा राग आणि पाळीवर जाणाऱ्याची गरज एकाच मतपेटीत पडतात. बुलेट ट्रेनच्या भूसंपादनाला आणि वाढवण बंदराला असलेला विरोध तेव्हा पेटलेला होताच.

मतदान सोमवारी, ऐन मे महिन्यात झाले. अनेक केंद्रांवर व्हीव्हीपॅट यंत्रे बिघडली आणि लोक उन्हात ताटकळले. शिवाय मे हा परप्रांतीय कामगारांनी गावाला जाण्याचा महिना. २०१४ मध्ये ६३ टक्क्यांच्या आसपास असलेले मतदान या वेळी ५३ टक्क्यांवर आले.

३१ मे रोजी निकाल लागला. गावित यांना २,७२,७८२, वनगा यांना २,४३,२१०, जाधव यांना २,२२,८३८, गहला यांना ७१,८८७ आणि शिंगडा यांना ४७,७१४ मते पडली. गावित २९,५७२ मतांनी जिंकले, पण त्यांच्या वाट्याला आलेली मते सुमारे ३१ टक्केच होती. त्याच दिवशी भाजपने भंडारा-गोंदिया आणि उत्तर प्रदेशातील कैराना गमावले, म्हणून पालघरचा विजय अधिकच उठून दिसला. कुणी म्हणाले, मोदी लाट टिकून आहे. कुणी म्हणाले, ६९ टक्के लोक सरकारच्या विरोधात गेले.

दोन्ही निष्कर्ष घाईचे होते. २०१४ मध्ये युतीचे उमेदवार म्हणून चिंतामण वनगांना ५,३३,२०१ मते होती. २०१८ मध्ये गावित आणि श्रीनिवास वनगा यांची बेरीज ५,१५,९९२ होते. मतदान दहा टक्क्यांनी घसरूनही युतीची मते जवळपास तेवढीच राहिली. युतीचा मतदार घर सोडून गेला नव्हता. घराची वाटणी झाली होती आणि त्यानेही वाटणी करून घेतली. माकपची मतेही दोन्ही वेळा सत्तर हजारांच्या घरातच होती. नाराजी होती, यात शंका नाही, पण तिचा मोठा भाग सत्तेतल्याच दुसऱ्या पक्षाकडे वळला.

पुढच्याच वर्षी याची खात्री पटली. २०१९ मध्ये युती पुन्हा जुळली, जागा शिवसेनेला गेली आणि तिने उमेदवार म्हणून गावितांनाच घेतले. भाजपचा खासदार सेनेचा खासदार झाला. ५,८०,४७९ मते घेऊन त्यांनी जाधव यांना ८८,८८३ मतांनी हरवले. पाच महिन्यांनी विधानसभेला मात्र याच सहा जागांपैकी युतीला एकच मिळाली, पालघरची, आणि तिथे श्रीनिवास वनगा आमदार झाले. बोईसर, नालासोपारा, वसई बविआकडे, डहाणू माकपकडे, विक्रमगड राष्ट्रवादीकडे गेले. लोकसभेचे मत आणि विधानसभेचे मत हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे इथल्या मतदाराने पक्षांपेक्षा आधी ओळखलेले दिसते.

अमेरिकी पद्धतीशी खरे साम्य असलेली निवडणूक पालघरने पाहिली ती जिल्हा परिषदेत. ५७ सदस्यांची परिषद जानेवारी २०२० मध्ये निवडून आली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या पुढे नेणाऱ्या ओबीसी जागा रद्द ठरवल्या आणि मुदतीच्या मध्येच १५ गटांत पुन्हा मतदान घ्यावे लागले. ते ५ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. शिवसेना ५, भाजप ५, राष्ट्रवादी ४ आणि माकप १ असा निकाल लागला. परिषदेतली सत्ता हलली नाही. वाणगाव गटात खासदार गावितांचे पुत्र रोहित गावित शिवसेनेतर्फे उभे होते, आणि तो गट भाजपने जिंकला. घराण्याचे नाव पुरेसे नसते, हे मतदाराने एवढ्या थोडक्यात क्वचितच सांगितले असेल.

राज्यातली सत्ता मधल्या काळात खरोखर बदलली ती जून २०२२ मध्ये, आणि तीही मतदाराला न विचारता, शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेना आमदारांच्या बंडातून. त्यावर पालघरची प्रतिक्रिया यायला दोन वर्षे लागली. २०२४ च्या लोकसभेत भाजपचे डॉ. हेमंत सवरा १,८३,३०६ मतांनी निवडून आले; ठाकरे गटाच्या भारती कामडी दुसऱ्या राहिल्या. राज्यात महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या असताना पालघर त्या वाऱ्याच्या उलट गेले. ३० ऑगस्टला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, विरोधकांनी निदर्शनेही केली. नोव्हेंबरच्या विधानसभेत तरीही सहापैकी पाच जागा महायुतीने घेतल्या: पालघरमध्ये राजेंद्र गावित, आता शिंदे यांच्या शिवसेनेतून, आणि बोईसरमध्ये त्याच पक्षाचे विलास तरे. बविआची एकही जागा उरली नाही. डहाणू मात्र २०१९ प्रमाणेच माकपचे विनोद निकोले यांच्याकडे राहिले.